घट बसायच्या आधी

नवरात्र तोंडावर आलंय. परभणी जिल्ह्यातल्या घराघराला एकच विनंती आहे: घट बसायच्या आधी घरातल्या प्रत्येक बाईचं रक्त तपासून घ्या आणि हिमोग्लोबिनचा आकडा कागदावर लिहून घ्या. सासूचा, सुनेचा, कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा, सगळ्यांचा.

घाई एवढ्यासाठी की पुढचे दिवस अवघड आहेत. नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढायचे, त्यात कुणाचं अनवाणी राहणं. दसरा झाला की दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी, जिंतूर भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. एकदा गाडी हलली की उन्हाळ्यापर्यंत ना गावची आशाताई, ना ओळखीचं उपकेंद्र. फडात चक्कर येऊन एक दिवस बसलं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. मग बाई बसत नाही. तपासणी करायची ती आताच, या दोन-तीन आठवड्यांत.

मागच्या वर्षी याच दिवसांत गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात तपासणी चालू होती, मी तिथं बसले होते. तिशीतली एक बाई आली, काखेत लेकरू. आशाताईंनी बोट टोचलं, थेंब घेतला. सात पॉइंट आठ. निरोगी बाईला किमान बारा हवं, गरोदर असेल तर अकरा. बाई हसली. "मला काय झालंय माय? भाकरी थापती, रानात जाती." ताईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरीफटक. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. सकाळी काय खाल्लं? चहा. दुपारी? दोन भाकरी अन् ठेचा. रात्री? "उरलं तर." पाळीचं विचारल्यावर तिनं आवाज खाली आणला. आठ-आठ दिवस अंगावरून जातं, धाकटा झाला तेव्हापासून. धाकटा चार वर्षांचा होता. कुणाला सांगितलं का नाही? "कुणी इचारलंच नाही की."

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत 48 होतं, म्हणजे पाचेक वर्षांत वाढलंच. त्याच सर्वेक्षणात परभणीचा एक आकडा राज्यभर गाजला: 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्यात हे प्रमाण 22 च्या आसपास. सोळा-सतराव्या वर्षी तिचंच अंग अजून भरायचं असतं, त्यात पोटातलं लेकरू लोह मागतं. दोघांनाही पुरत नाही. त्यापुढच्या सहाव्या फेरीतून तर रक्ताची ही मोजणी वगळली गेली, ती वेगळ्या पाहणीत करायचं ठरलं. कारण काहीही असो, एकाच मापानं मोजत आलेली ओळ मध्येच तुटली.

मोजणं परभणीला येत नाही असं नाही. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' ही ज्वारी काढली, 2018 साली ती आली. साध्या ज्वारीत किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, हिच्यात 45. जस्तही जास्त. आता घरातला हिशेब करा. बाई दिवसाला तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खात असेल, तर साध्या ज्वारीतून नऊ मिलिग्रॅम लोह मिळतं, शक्तीतून साडेतेरा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज 29 लागतं, पुरुषाला 19. त्यातही धान्यातलं लोह अंगी लागतं थोडंच, आणि भाकरीवर लगेच चहा घेतला की तेही वाया. म्हणजे ज्याला कमी लागतं तो आधी पोटभर जेवतो, आणि जिला जास्त लागतं तिच्या वाट्याला तळाची भाकरी.

दाण्यातलं लोह मोजलं. ती भाकरी वर्षभर खाणाऱ्या बाईच्या रक्तात किती उतरलं, तेही याच मातीत मोजायला हवं. लोहयुक्त बाजरीचं असं मोजमाप महाराष्ट्रातल्याच 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींवर झालंय, 2015 मध्ये ते छापून आलं, आणि त्यांच्या अंगातलं लोह सुधारल्याचं दिसलं. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्याचंच सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिन्ही एकाच शहरात. तिघांनी मिळून दहा गावं घ्यावीत, अशी जाहीर मागणी मी करते.

बायकांच्या दुखण्याचा अभ्यास सगळीकडेच मागे राहिलाय. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1977 साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं, ते 1993 पर्यंत. पण जिथं कुणी बसून विचारलं, तिथं उत्तरं मिळाली. 1928 साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली आणि गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात रक्त का कमी पडतं, ते शोधू लागली. तिला जो घटक सापडला, तो पुढं 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला: फोलिक ॲसिड. आशाताई तुमच्या हातावर ठेवतात त्या लाल गोळीत लोहासोबत तेच असतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 92 टक्के जणींना अंगावर काढलेलं काही ना काही स्त्रीरोगाचं दुखणं होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 साली 'लॅन्सेट'नं ते छापलं.

विचारलं नाही की काय होतं, ते शेजारच्या बीडनं दाखवलं. 2019 मध्ये सरकारी समितीनं ऊसतोडीच्या 82,309 बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. तेव्हा अंगावरून जास्त जातं म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. आकडा सातच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर नुसत्या गोळीवर थांबू नका, तालुक्याच्या दवाखान्यात जा. गोळी जेवणानंतर घ्या, चहा तास-दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, पोटात मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी आठ दिवसांत गोळ्या चुलीमागं टाकतात. काळं होणं हे घाबरण्यासारखं नाही, मळमळ फार झाली तर ताईंना सांगा. भाकरीसोबत लिंबू पिळा. तांदुळजा, घोळ, करडईची भाजी, कारळाची चटणी आपल्याच बांधावर आणि घरात आहे. उपवास मोडा असं म्हणायची माझी छाती नाही, घरात आई आहे. पण साबुदाण्याच्या जागी राजगिरा, शेंगदाणे, खजूर आणि दूध देवीला चालतं.

पुरुषांनो, या नऊ दिवसांत ताटं एकदमच वाढून घ्या, तिचंही. मुकादमांनो, टोळी ठरवताना कोयत्यांची मोजदाद करता, तशी प्रत्येक बाईची तपासणी झाली का ते विचारा. शेतकऱ्यांनो, परभणी शक्तीच्या बियाण्याची मागणी विद्यापीठाकडं आताच नोंदवा, सोयाबीनच्या रानात घरच्या खाण्यापुरत्या चार सऱ्या निघतील.

आणि टोळीत जाणाऱ्या बायांनो, बोजा बांधताना पातेलं, पीठ, लेकराचं अंथरूण घ्याल, त्यातच गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. आकड्याची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाजवळ ठेवा. परगावच्या डॉक्टरनं विचारलं नाही, तरी ती त्याच्यापुढं ठेवा.