अडलेला नट व मंडळाची हत्यारपेटी

सांप्रत ज्याच्या शेतांत एखादें तरी इंजिन नाहीं, असा बागायतदार विरळाच. विहिरीवरील डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, फवारणीचें यंत्र यांवर पिकाचें भवितव्य अवलंबून असतें. परंतु हीं यंत्रें उघडण्याची आपली रीत मात्र छिन्नी, हातोडा व पान्यास लावलेला लांब नळ यांच्यापलीकडे फारशी गेलेली नाहीं. ऐन पाण्याच्या पाळीस सिलिंडर हेडचा एक स्टड तुटला, तर दोन तासांच्या कामास आठ दिवस लागतात आणि उभें पीक सुकूं लागतें. दोष गंजास दिला जातो. माझ्या मतें गंजाचा दोष अल्प. चुकीच्या हत्याराचा व उतावळेपणाचा अधिक.

गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें आट्यांमधील बारीक फट गच्च भरते. सायलेन्सरकडील नट तर रोज तापतात व निवतात, म्हणून ते अधिकच घट्ट बसतात. अशा ठिकाणीं एक फुटी पान्यास नळ लावून तो तीन फूट लांब करणें म्हणजे त्याच जोरांत पीळ तिप्पट करणें होय. तो पीळ पुष्कळदां आटे न सोडवितां बोल्टच तोडतो.

दुसरी हानि मापाच्या अज्ञानानें होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण ढिला बसतो. जोर पडतांच नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या इंग्रजी धर्तीच्या अनेक इंजिनांचे आटे सर जोसेफ व्हिट्‌वर्थ यांनीं १८४१ सालीं सुचविलेल्या मापाचे असतात. त्यांच्या पान्यावरील आंकडा नटाची रुंदी दाखवीत नसून बोल्टची जाडी दाखवितो.

योग्य क्रम असा आहे. प्रथम तारेच्या ब्रशानें आटे स्वच्छ करावे, गंज सोडविणारें पातळ तेल घालावें व रात्रभर थांबावें. सकाळीं बोल्टच्या माथ्यावर हलके ठोके द्यावे. मग सहा कोनी पाना नीट बसवून प्रथम किंचित् आवळावें, नंतर सोडावें. हेडचे नट एकदम न सोडतां बाहेरून आंत, थोडे थोडे, फेऱ्यांनीं सोडावे. एखादा स्क्रू किंवा बोल्ट तरीहि न हलल्यास ठोक्याचें पिळांत रूपांतर करणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. त्यानेंहि न भागल्यास तेल पुसून व डिझेल दूर ठेवून जाणत्या माणसाकडून नट तापवावा. अखेरीस नट चिरणारें हत्यार आहेच. जपून वापरल्यास नट जातो, पण स्टड वांचतो. तुटलेला स्टड काढण्याचें उलट आट्यांचें हत्यार हा शेवटचा उपाय. तें कठीण पण ठिसूळ असतें, व आंत मोडल्यास साधें ड्रिलहि चालत नाहीं.

कोणी म्हणतील, हें मिस्त्रीचें काम. शेतकऱ्यानें त्यांत कां पडावें? उत्तर असें कीं, खेड्यांतील मिस्त्रीजवळहि बहुधा हीं हत्यारें नसतात. हातीं असेल त्यानें तो काम भागवितो, आणि मोडतोडीचा खर्च आपल्याच माथीं येतो. वर्षांतून दोनदां लागणाऱ्या हत्यारांत एकट्यानें पैसा गुंतवावा हें शहाणपणाचें नव्हे, हें मात्र खरें. म्हणूनच हें कार्य मंडळाचें आहे.

मंडळानें इंची व मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे सहा कोनी पाने, इम्पॅक्ट ड्रायव्हर, नट चिरणारें व स्टड काढणारें हत्यार, आणि ठरलेल्या मापानेंच आवळणारा टॉर्क पाना यांची एक पेटी घ्यावी. ती अनामत घेऊन द्यावी. नेतांना व आणतांना प्रत्येक नग मोजून नोंदवहींत सही घ्यावी. महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें एवढें सांगूं शकतों कीं, ज्या सामाईक वस्तूची नोंद नाहीं, ती पुढील वर्षीं जागेवर असत नाहीं.

आणि जोडतांना सायलेन्सरच्या आट्यांस ताप सोसणारें वंगण अवश्य लावावें. आजचें बोटभर वंगण पुढील हंगामाचा एक दिवस वांचवितें. येत्या वार्षिक सभेंत या पेटीचा ठराव मांडला जावा, अशी सभासद बंधूंस विनंती आहे.