आमच्या पोरांच्या ड्रमला पुस्तक का नाही?

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत वर्गणी सुरू होते आणि तिचा मोठा वाटा डीजेवाल्याच्या खिशात जातो. दरवर्षी आम्ही हे बोलतो, दरवर्षी माना डोलावल्या जातात आणि दरवर्षी भिंतीएवढे स्पीकर ट्रकवर चढतात. आज डीजेवर बोलायचे नाही. ज्यांनी डीजे नाकारून मुलामुलींचे ड्रम पथक उभे केले, त्यांच्याशी बोलायचे आहे. अभिनंदन आधीच करून टाकतो, कारण पुढचे वाचून काहींना राग येईल.

ही पथके शिकतात कशी? जयंतीच्या महिनाभर आधी एखादा बँडवाला बोलावला जातो. तो वाजवतो, पोरे बघून वाजवतात. चार ठेके बसले की संचलनाला उभी. १५ एप्रिलला ड्रम समाजमंदिराच्या माळ्यावर. पुढच्या वर्षी तो माणूस आला नाही तर पुन्हा शून्यापासून सुरुवात, कारण कुठे काही लिहिलेलेच नसते. ज्या चळवळीच्या घोषणेतला पहिला शब्द ‘शिका’ आहे, तिच्या ड्रम पथकाकडे पायरीपायरीने शिकवणारे वीस पानांचे मराठी पुस्तक नसावे?

“ड्रमला कसले आलेय पुस्तक? ठेका आपल्या रक्तातच आहे,” असे म्हणणारे भेटतात. रक्तात आहे म्हणणे म्हणजे जात सांगणे. हलगी वाजवणाऱ्या मातंग बांधवाला गावाने पिढ्यान् पिढ्या हेच ऐकवले आणि त्याच्या हातावर शिळा तुकडा ठेवला. त्याचे ठेके लिहून घ्यावेत असे कोणाला वाटले नाही. इकडे भातखंडे आणि पलुस्कर यांनी रागदारी लिपीत बांधली. तिची पुस्तके झाली, परीक्षा झाल्या, प्रमाणपत्रे झाली. तबलजी ‘विशारद’ झाला, हलगीवाला ‘वाजंत्री’ राहिला. कागद कोणाच्या हातात होता, एवढाच हा फरक.

अमेरिकेत हे काम कागदावर कसे झाले ते पाहा. १९३३ साली शिकागोत जमलेल्या ड्रमवादकांनी संघटना काढली आणि हाताच्या १३ मूलभूत चाली ठरवल्या. त्यांना रूडिमेंट्स म्हणतात. पुढे त्या २६ झाल्या आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ही यादी ४० वर नेली. त्यातली पॅराडिडल ही चाल घ्या : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दर चार ठोक्यांनी सुरुवातीचा हात बदलतो, म्हणून डावा हात कच्चा राहत नाही. आमच्या पथकांतल्या बहुतेक मुलांचा डावा हात कच्चाच असतो. कोणत्याही संचलनात पाच मिनिटे उभे राहून ऐका.

पण हे गोऱ्यांचे पुस्तक आपण का घ्यावे? घ्यावे, कारण काळ्यांनी ते घेतले. विल्यम फॉस्टर कॅन्सस विद्यापीठात संगीत शिकत होते, तेव्हा तिथल्या मार्चिंग बँडमध्ये काळ्यांना जागा नव्हती. काळ्या बँडसंचालकाला नोकरी मिळणार नाही, असेही त्यांना सुनावले गेले. हाच माणूस १९४६ साली फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत गेला आणि त्याने ‘मार्चिंग १००’ घडवला. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या रस्त्यावर अमेरिकेच्या वतीने हा बँड चालला. आणि फॉस्टर नुसते वाजवून घेत बसले नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी मार्चिंग बँड कसा उभा करावा यावर ‘बँड पेजन्ट्री’ हे पुस्तकच लिहिले. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र पाठवले होते. मागितले काय? काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती. कागद मागितला!

याच बँडची काळी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ मध्ये त्याचा ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन सहकाऱ्यांच्या मारहाणीत मेला. दीक्षा देण्याच्या नावाखाली बदडण्याची रीत होती. आमच्याकडेही शिस्तीच्या नावाने पोरांना काठीचा प्रसाद देणारे प्रशिक्षक आहेत. त्यांना त्याच दिवशी घरी पाठवा.

आता जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप. “गावकी सोडली, वाजवणे सोडले, बाबासाहेबांनी माणूस केले, आता पुन्हा गळ्यात ड्रम कशाला?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी पाटलाच्या दारात वाजवायला नकार देऊन बहिष्कार सोसला, त्यांच्या नातवंडांनी तो विसरू नये. पण तिथे वाजवण्याची सक्ती होती, वेळ दुसऱ्याची होती, मोबदला भिकेचा होता. समता सैनिक दलाच्या रांगेत ड्रम वाजवणारी मुलगी कोणाच्या वरातीपुढे चालत नाही. तिच्या ठोक्यावर शेकडो पावले पडतात. तरीही ती फक्त कानावर शिकली, तर आपण तिला वाजंत्र्याच्याच जागी ठेवले, हे आमचे म्हणणे आहे.

तर पुस्तकात काय हवे? पहिले काही आठवडे ड्रम नकोच. प्लायवूडच्या तुकड्यावर रबर चिकटवा, झाला सराव पॅड. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि संचलनाच्या १२० पर्यंत सावकाश न्या. जागच्या जागी कदमताल करत तोंडाने मोजायचे, पहिल्या मात्रेला डावा पाय. मग एकेरी ठोके, दुहेरी ठोके, पॅराडिडल. प्रत्येक धडा नोटेशनमध्ये आणि शेजारी ‘उ’, ‘डा’ अशा मराठी खुणांत. कानात घालायचे बोळेसुद्धा यादीत हवेत. बंद सभागृहात पंधरा साइड ड्रम वाजले तर पोरांचे कान कायमचे जातात. एका रात्रीच्या डीजेच्या बिलात पन्नास मुलांचे पॅड, काठ्या आणि झेरॉक्स सहज निघतील.

आणि शेवटचा धडा हलगीचा. तुमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या हलगीवाल्याला बोलवा. सत्काराची शाल नको, शिक्षकाचे मानधन द्या. त्याचे ठेके मोबाइलवर रेकॉर्ड करा, मुलांकडून नोटेशनमध्ये उतरवून घ्या आणि पानाच्या माथ्यावर त्याचे नाव छापा. येत्या जयंतीला पथक निघेल तेव्हा ही पाने पुढच्या वस्तीतल्या पथकाला द्यायला सोबत ठेवा.