रजेचं कारण

आमच्या कारखान्यात रजेच्या अर्जाचा एक छापील कागद आहे. नाव, खातं, किती दिवस, आणि त्याखाली एक मोकळी ओळ, 'रजेचे कारण'. २०१३ पासून हे अर्ज माझ्या टेबलावरून जातात, कारण हजेरी आणि पगारपत्रकाचं काम माझ्याकडे आहे. पुरुषांच्या अर्जात त्या ओळीवर काय काय असतं! गावची जत्रा, मित्राची वास्तुशांत, शेतीची कामं, आणि बऱ्याचदा नुसतंच 'वैयक्तिक कारण'. बायकांचे अर्ज मात्र वाचायच्या आधीच कळतात. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची दहावी, नणंदेचं बाळंतपण. स्वतः तापाने फणफणलेली असताना 'मुलगा आजारी' असं लिहिणारी एकजण मला माहीत आहे. 'वैयक्तिक कारण' लिहिलेला बाईचा अर्ज इतक्या वर्षांत मी एकच पाहिला. तो माझा होता, आणि चांगला सहा महिन्यांचा होता.

२०२४ च्या जून ते नोव्हेंबर मी बिनपगारी रजा घेतली. ही गोष्ट कराडसारख्या गावात लपून राहत नाही. साहेबांनी विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" शेजारच्या काकूंनी हळूच पोटाकडे बघत विचारलं, "गाठबिठ निघाली का गं?" आणि आमचे 'हे' म्हणाले, "नोकरी सोडायचीच असेल तर सरळ सांग."

इथेच मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडे बाईच्या बाबतीत 'रजा' आणि 'नोकरी सोडणं' यांच्यामध्ये काही नसतंच. घरात अडचण आली की पहिल्यांदा तिची नोकरी जाते. पुरुष अडचणीत रजा टाकतो, बाई राजीनामा देते. मीही दिला होता.

२००६ साली सासूबाईंना पक्षाघात झाला. धाकटी दोन वर्षांची, मोठा सात वर्षांचा. आठ वर्षं झालेली नोकरी मी एका आठवड्यात सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही हो, पण कुणी 'थांब, विचार कर' असंही म्हणालं नाही. सहा महिन्यांची रजा मागून बघावी हे माझ्याही डोक्यात आलं नाही. वरून मी प्रॉव्हिडंट फंडाचे सगळे पैसे काढले, पेन्शनचेसुद्धा. त्यातून सासूबाईंसाठी हवेची गादी आणली आणि उरलेल्यात ओटा करून घेतला.

पुढे सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली आणि २०१३ मध्ये मी पुन्हा कामाला लागले. तेव्हा माझ्यानंतर लागलेल्या पोरी माझ्या दुप्पट पगारावर होत्या. त्याचंही फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्यांचे फंडाचे फॉर्म भरताना. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पेन्शनचे पैसे न काढता 'स्कीम सर्टिफिकेट' घेता येतं आणि ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात, हे मला तेव्हा कळलं. या पेन्शनचं गणित सोपं आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. त्या जुन्या वर्षांसाठी पगार साडेसहा हजारांच्या मर्यादेने धरतात, तरी माझी ती आठ वर्षं म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेसातशे रुपये होतात, तेही मरेपर्यंत. इतका महागाचा ओटा कराडात दुसऱ्या कुणाचा नसेल!

म्हणून दुसऱ्या वेळी मी ठरवलं, की लेकीच्या लग्नासाठी जशी तयारी करतात तशी सुट्टीची करायची. आधी तारीख, मग पैसे, मग माणसं.

कारण काय होतं? खरं सांगायचं तर फार काही नव्हतं. आई गुहागरला एकटी राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिच्याकडे धावत गेले ती नेहमी आजारपणाला. एकदा पाय मोडला म्हणून, एकदा न्यूमोनिया म्हणून. ती धडधाकट असताना सलग आठवडाभरसुद्धा लग्नानंतर मी तिच्याजवळ राहिलेली नाही. तिच्या हिंडत्याफिरत्या दिवसांत एक अख्खा पावसाळा तिच्याकडे काढायचा, एवढंच मनात होतं. उरलेल्या दिवसांत झोपायचं. हसू नका, खरंच झोपायचं होतं.

पैशांचं सांगते, कारण सगळ्या जणी तेच विचारतात. माझा हातात येणारा पगार अठरा हजार. पहिल्यांदा वहीत लिहून काढलं की तो जातो कुठे. मुलीचं हॉस्टेल आणि मेस, किराणा, विम्याचा हप्ता मिळून साडेबारा हजार. मग एक वेगळीच गंमत दिसली. कामाला जायचं म्हणूनच जो खर्च होतो तो जवळजवळ तीन हजार होता! स्टँडपर्यंतची रिक्षा, तासवडेपर्यंत एसटी (२०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून बरं), पोळ्यांच्या बाई, निरोपसमारंभांची वर्गणी, कुणाकुणाच्या मुलीला आहेर. घरी राहिलं की हे सगळं थांबणार. म्हणजे सहा महिन्यांसाठी मला पगाराइतके नाही, साडेबारा हजारांच्या हिशेबाने पंचाहत्तर हजारच हवे होते.

राहिलेले अडीच हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात केली, एप्रिल २०२१ पासून. आधी पोस्टात टाकणार होते. पण खिडकीवर नीट विचारलं म्हणून कळलं, की पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांनी मोडता येते, पण मग व्याज साध्या बचत खात्याचं मिळतं. मला तर तीनच वर्षं हवी होती. म्हणून बँकेत बरोबर छत्तीस महिन्यांची काढली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हातात सत्त्याण्णव हजार आले. मैत्रिणींनो, पैसे कुठे ठेवता यापेक्षा ते किती महिन्यांनी लागणार आहेत, हे आधी ठरवा. आपण सगळं उलटं करतो.

आणि ही आरडी मी डाळीच्या डब्यात नोटा लपवाव्यात तशी लपवली नाही. पहिल्याच दिवशी ह्यांना पासबुक दाखवलं. "हे माझ्या सुट्टीचे आहेत, फ्रिज बिघडला तरी हात लावायचा नाही." लपवलेल्या पैशाला घरात पाय फुटतात. कुणाची तरी फी, कुणाचा तरी दवाखाना, आणि मागितले की आपणच काढून देतो. मला सगळ्यात अवघड गेलं ते पैसे साठवणं नाही, 'माझ्या सुट्टीचे' हा शब्द उच्चारणं. तीन वर्षं दर महिन्याला मला चोरी केल्यासारखं वाटायचं. स्वतःच्याच पगारातून!

कामाच्या ठिकाणी फेब्रुवारीतच अर्ज दिला. खाजगी नोकरीत अशी रजा द्यायलाच हवी असा काही नियम नाही, तेव्हा घासाघीस करावी लागते. साहेब म्हणाले, "दिवाळीचा बोनस कोण काढणार?" म्हटलं, त्यासाठी ऑक्टोबरमध्ये चार दिवस येऊन जाईन. तोवर एका मुलीला हाताखाली शिकवून ठेवलं. रजेचं मंजुरीपत्र मात्र लेखी घेतलं, परत रुजू व्हायच्या तारखेसकट. तोंडी 'बघू, या तुम्ही' यावर विसंबू नका, हे पगारपत्रकवाली म्हणून सांगते. बोनसचा फटका बसलाच, पण तो वर्षभराने. बोनस मागच्या आर्थिक वर्षाच्या पगारावर असतो, त्यामुळे २०२४ च्या दिवाळीला पूर्ण मिळाला आणि २०२५ ला निम्म्यावर आला. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. दुसऱ्यांचा बोनस काढणारी मी!

सरकारी नोकरीतल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे हक्काची रजा आहे. आहे ना. राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, केंद्र सरकारी बायकांना तर २००८ पासून ७३० दिवसांची आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण पुन्हा बघा, रजेचं कारण मूलच! माझी एक शिक्षक मैत्रीण ती रजा मुलाच्या बारावीला घेऊन पहाटे चारला उठत होती, त्याला चहा करून द्यायला.

आता माझी एक चूक सांगते. पोळ्यांच्या बाईंचे बाराशे वाचवायचे म्हणून मी त्यांना सांगितलं, "मावशी, सहा महिने मीच करीन, तुम्ही डिसेंबरपासून या." त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, समजूतदार आहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी गुहागरला गेले, आणि इकडे रोज ब्रेड खाऊन कंटाळलेले हे त्यांना बोलवायला गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, "ताईंची सुट्टी म्हणजे आमचा खाडा झाला की." ह्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आईच्या पडवीत बसले होते, पाऊस धो धो पडत होता, आणि मला काय बोलावं सुचेना. माझं इतकं नेटकं गणित त्यांच्या पगारातून जुळलेलं होतं. मावशी परत आल्या, बुडालेल्या आठवड्यांचे पैसे मी दिले. पण त्या बाईला आयुष्यात सुट्टी कधी आणि कशी परवडणार, याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

गुहागरला सव्वादोन महिने राहिले. पहिले आठ दिवस आई खूश होती. नवव्या दिवशी तिने दार लोटून विचारलं, "खरं सांग, जावईबापूंशी काही झालंय का?" लग्न झालेली मुलगी बिनकारणाची माहेरी राहते, हे आईलासुद्धा पटेना. आळीतल्या बायका तर येता-जाता "अजून आहेस?" विचारायच्या. शेवटी आईच त्यांना उत्तर द्यायला लागली, "तिनं पगार सोडून रजा घेतलीय माझ्यासाठी." त्यात थोडी बढाई होती. मग आम्ही दोघी कुळथाचं पिठलं-भात खाऊन दुपारी झोपायचो. भांडलोही, विशेषतः तिच्या गोळ्यांच्या वेळांवरून. नारळी पौर्णिमेच्या नारळीभातानंतर मी कुंभार्ली घाट चढून परत आले.

कराडला परतल्यावर खरी परीक्षा होती. 'तू घरीच आहेस ना' या वाक्याला पैशांचा हिशेब पुरत नाही. वन्सं महिनाभर राहायला येणार होत्या, सोसायटीच्या गणपतीचा जमाखर्च माझ्याकडे, जाऊबाईंच्या नातवाला शाळेतून आणायचं. सप्टेंबरात मी कारखान्यापेक्षा जास्त दमले. मग दुपारी एक ते चार फोन बंद आणि दार बंद, असा नियम केला. वन्सं थोड्या रुसल्या. रुसू देत.

दोन डिसेंबरला मी पुन्हा टेबलावर बसले. बँकेतल्या पैशांपैकी नऊ हजार उरले होते.

गेल्या महिन्यात पॅकिंग खात्यातली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिला दोन महिने हवेत, शिवणाचा पुढचा कोर्स करायचाय. "मॅडम, 'वैयक्तिक कारण' लिहिलं तर चालतं का?" म्हटलं, चालतं. आपण हिशेब करू. वही काढली, पहिलाच प्रश्न विचारला, "तुझा पगार जातो कुठे?" ती गप्प. तिचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे असतं. पगार किती जमा होतो ते माझ्या पत्रकावरून मला ठाऊक, पण खात्यात उरतं किती, हे तिने दोन वर्षांत पाहिलेलं नाही. "उद्या पासबुक घेऊन येते," म्हणाली.

अजून आणलेलं नाही. तिच्या नावाचं पान मी वहीत कोरं ठेवलं आहे.