वही गावातच राहील



नागपूरहून समाजकार्य शिकणारी पोरं दरवर्षी आमच्या गावांत येतात. घरात माणसं किती, शेती किती, मोहफूल किती वेचलं, सगळं विचारतात. आम्ही हातचं काम टाकून सांगतो. भरलेले फॉर्म बसनं नागपूरला जातात, ते काही परत येत नाहीत. मागच्या बैठकीत एका आजीनं विचारलं, एवढं लिहून नेलं, त्यातून आमच्या जमिनीचं काय निघालं? कोणापाशी उत्तर नव्हतं.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. उलट त्याच्यावाचून आमचंच अडतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब चालतो. जुनं घर, बांध, विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण, हेही चालतं. मात्र एकाहून जास्त पुरावे लागतात. ते शोधणं, ताडून पाहणं, लिहिणं म्हणजेच संशोधन! आमचे कार्यकर्ते ते रोज करतात, पण नोंद ठेवत नाहीत. मग एका गावाचा दावा कशानं परत आला ते दुसऱ्या गावाला कळत नाही, अन् तीच चूक तिथंही होते.

म्हणून आमचं म्हणणं, कार्यकर्त्यानं आधी आपल्याच कामाचा अभ्यास करावा. दावे किती केले, परत किती आले, कारण काय दिलं, आपलं कुठं चुकलं, हे वहीत लिहावं. चूक लिहायला लाजू नये.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हा रस्ता दाखवला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते सोबत बसले, पण अभ्यासगट गावाचा. गटात चर्चा होते. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या संमतीनं. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

नागपूरच्या प्राध्यापकांना विनंती आहे, शिकवायला जरूर या. प्रश्न कसा मांडायचा, नोंदी कशा तपासायच्या, हे आमच्या कार्यकर्त्यांना दाखवा. पण अटी तीन. प्रश्न ग्रामसभेत ठरेल. ज्याचं नाव लिहायचं, त्याला आधी विचारायचं. अन् जे निघेल ते आमच्या बोलीत ग्रामसभेपुढं वाचायचं. नक्कल खुशाल न्या, वही गावातच राहील.

तुमच्या गावात अशी वही आहे काय? नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय काढा.