जाहिरात मागायची लाज कशाला?

‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही १९२० सालची गोष्ट आपण दर ३१ जानेवारीला सांगतो. सांगितलीच पाहिजे. पण शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तरी ‘मूकनायक’ तीन-साडेतीन वर्षांत बंद पडला आणि १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये थांबला, त्यामागचा पैशाचा हिशेब किती जण सांगतात?

मित्रांनो, आम्हीही तेच केले. नवी वेबसाइट सुरू करताना लिहिणार कोण यावर दोन तास वाद घातला आणि खर्च कुठून, यावर ‘गूगलच्या जाहिराती लावू’ एवढे बोलून उठलो.

गूगल अ‍ॅडसेन्सचे शंभर डॉलर जमल्याशिवाय हातात काही पडत नाही. नव्या साइटला ते जमायला किती महिने लागतात, हे ज्याने वाट पाहिली त्यालाच ठाऊक. काही कार्यकर्ते प्रेमाने सांगतात, ‘आम्ही रोज पाच वेळा क्लिक करतो.’ बाबांनो, करू नका! असे खोटे क्लिक आढळले की खातेच बंद होते.

त्याहून वाईट म्हणजे, जातिअंतावरच्या आमच्या लेखाखाली एका जातीच्या वधू-वर सूचक मंडळाची जाहिरात झळकली. बुद्धाच्या लेखाखाली ज्योतिषी! असे प्रकार सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, आम्ही केलेही. पण जितके जाहिरातदार बाद कराल तितकी बोली लावणारे कमी आणि तितका पैसाही कमी. विचार सांभाळायचा तर ही किंमत मोजावी लागते.

मग जाहिरातदार शोधायचे कुठे? आपल्याच वस्तीत. पुस्तकविक्रेते, स्पर्धा परीक्षांचे क्लास, छापखानेवाले, मंडपवाले, वकील, डॉक्टर. १४ एप्रिलला हीच माणसे फ्लेक्सवर हजारो रुपये घालतात आणि तो फ्लेक्स चार दिवसांत उतरतो. त्यांच्याकडे ‘समाजासाठी द्या’ म्हणून जाऊ नका. ती वर्गणी झाली, आणि वर्गणी देऊन देऊन ते आधीच वैतागलेले आहेत. महिन्याला किती वाचक, कोणत्या जिल्ह्यातले, जागेचा दर किती, हे कागदावर घेऊन जा आणि पैसे घेतले की पावती द्या. आमच्या एका पुस्तकवाल्याने पहिल्याच भेटीत विचारले, ‘वाचतात किती?’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पैसा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत धोक्याचा. जो एकटाच वर्षाचा खर्च उचलतो, त्याच्याविरुद्ध लिहिताना लेखणी अडखळते. एका इच्छुक उमेदवाराने आम्हाला तसा एकरकमी पैसा देऊ केला होता. आमच्यातल्या दोघांचे मत घ्यावा असे होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. सर्व्हरचे भाडे थकलेच होते. तरी नको म्हटले. भाडे चौघांनी खिशातून भरले.

पुढच्या आठवड्यात आकडे घेऊन पुन्हा त्या पुस्तकवाल्याकडे गेलो. त्याने दरात घासाघीस केली, चहा पाजला आणि ६ डिसेंबरपर्यंतची तीन महिन्यांची जाहिरात दिली.