साखळी कोणी तपासली?

जमिनीच्या मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा. केंदूरसारख्या गावात बांधावरून भांडण लागले, की पहिली शंका साखळीवरच घेतली जाते. आम्हांस ती नेहमी रास्त वाटत आली आहे. ओढून ओढून कड्या ताणल्या जातात.

हीच शंका विश्वाच्या मोजणीतही घ्यावी, असे आमचे मत आहे. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, हे १९९८ साली विशिष्ट जातीच्या अतिनवताऱ्यांवरून कळले. पण ते फार लांबचे दिसत नाहीत. गॅमा किरणांचे स्फोट दिसतात. २३ एप्रिल २००९ रोजी टिपलेल्या स्फोटाचा प्रकाश सुमारे १३ अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. २००२ मध्ये अमाती व सहकाऱ्यांनी दाखविले, की ज्या स्फोटाचे किरण अधिक प्रखर ऊर्जेचे, त्याची एकूण ऊर्जाही अधिक. मूळ ऊर्जा कळली, की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. मोह पडावा असेच हे आहे.

अडचण अशी, की हा नियम पारखायला ज्यांचे अंतर स्वतंत्रपणे ठाऊक आहे असे जवळचे स्फोट अगदी थोडे, आणि २५ एप्रिल १९९८ चा जवळचा स्फोट तर नियमाला जुमानतच नाही. मग प्रसरणाचे एक प्रारूप गृहीत धरून अंतरे काढायची, त्यांवरून नियम बसवायचा आणि त्याच नियमाने प्रारूप तपासायचे! अतिनवताऱ्यांवरून नियम बसविणे अधिक प्रामाणिक. पण मग त्यांची चूकही सोबत येते. एवढ्या बळावर कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते असे कोणी म्हणू लागल्यास त्या पंचनाम्यावर आम्ही सही करणार नाही.

साखळी तपासण्याचे काम केंदूरच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील खोडदला होऊ शकते, काही अंशी झालेही आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी २९ मार्च २००३ च्या स्फोटाचा मागे रेंगाळलेला रेडिओ प्रकाश टिपला. झोत मंदावून चहूकडे पसरला, की तो किती अरुंद होता याची फिकीर न करता ऊर्जेचा हिशेब मांडता येतो. या कामास महिने, कधी वर्षे लागतात. मथळे मिळत नाहीत.

त्यासाठी रेडिओ शांतता लागते. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गास या दुर्बिणीपायी हरकत आली, तेव्हा ‘हिचा आम्हाला उपयोग काय?’ असा प्रश्न उठणे स्वाभाविकच. रेल्वे हवी, हे आम्हीही म्हणतो. पण मार्ग थोडा वळविता येतो. विझत चाललेला स्फोट पुन्हा पेटविता येत नाही.