आधी पावती, मग मानधन

ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात आयर्लंडने कलावंतांसाठीची मूलभूत उत्पन्न योजना कायम करण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ती बातमी फिरून फिरून आमच्याकडे येते आहे. चित्रकाराला आठवड्याला ३२५ युरो, आणि खाली ठरलेला शेरा: 'आपल्याकडे कधी?' डब्लिन, कॉर्क, गॉलवेहून मराठी वाचकांची पत्रं येतात, त्यांत मात्र या ३२५ युरोंचा उल्लेख क्वचितच असतो. त्यांचा प्रश्न फार खालच्या पायरीवरचा आहे. घरातल्या जेवणाच्या टेबलावर पाच-सहा मुलांना जलरंग शिकवून फी घेतली, तर ते कायद्यात बसतं का?

पत्र लिहिणाऱ्या बहुतेकींच्या बाबतीत बसत नाही. हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना खरं वाटणार नाही, म्हणून नीट सांगतो.

नवरा क्रिटिकल स्किल्स परमिटवर आयटी कंपनीत लागतो. बायको जी.डी. आर्ट झालेली, इकडे क्लासचं बस्तान बसलेलं, दोन-तीन समूहप्रदर्शनं झालेली. तिथे उतरल्यावर तिच्या कार्डावर 'स्टॅम्प १ जी' हा राहण्याच्या परवानगीचा शिक्का येतो. २०१९ पासून अशा जोडीदाराला नोकरीसाठी वेगळं परमिट लागत नाही. ही सुधारणा चांगलीच, तिचं श्रेय द्यायला हवं. पण त्याच शिक्क्याची पुढची अट अशी की स्वतःचा व्यवसाय करायचा नाही, स्वयंरोजगार चालणार नाही. म्हणजे सुपरमार्केटच्या काउंटरवर बसा, कुणाच्या कचेरीत फायली लावा, काही हरकत नाही. स्वतःच्या नावाने हॉल घेऊन शनिवारची कार्यशाळा लावली, बिल दिलं, डेमोत केलेलं चित्र तिथेच विकलं, की अट मोडली.

आता याच सरकारचं दुसरं खातं काय म्हणतं ते पाहा. १९६९ पासून आयर्लंडमध्ये मूळ कलाकृतीच्या विक्रीतून होणाऱ्या उत्पन्नाला आयकरात सूट आहे, आज वर्षाला ५०,००० युरोंपर्यंत. चित्रकार आपलं चित्र स्वतः विकतो, हे त्या सवलतीत गृहीतच आहे. (कार्यशाळेच्या फीवर मात्र नेहमीसारखा कर. शिकवणं ही कलाकृती नव्हे.) मूलभूत उत्पन्नाची रक्कमही करासाठी स्वयंरोजगाराचं उत्पन्न म्हणूनच धरतात. करखातं आणि संस्कृतीखातं चित्रकार हा स्वयंरोजगारीच असणार असं धरून चालतं, आणि गृहखात्यासारखं काम पाहणारं न्यायखातं परमिटवर आलेल्याच्या चित्रकार बायकोला सांगतं की बाकी काहीही व्हा, स्वयंरोजगारी तेवढ्या होऊ नका. हे दोन नियम करणाऱ्यांची कधी गाठ पडली असेल, असं दिसत नाही.

याचा फटका मूलभूत उत्पन्नाच्या अर्जापर्यंत पोचतो. २०२२ च्या प्रायोगिक फेरीत ९,००० हून अधिक अर्ज आले आणि २,००० जण निवडले गेले. त्यांत दृश्यकलावंत ७०७, म्हणजे सगळ्यांत मोठा गट. निवड सोडतीने झाली, कुणाचं चित्र सरस हे कुणी पाहिलं नाही. पण सोडतीत नाव जाण्याआधी आपण व्यावसायिक कलावंत आहोत हे कागदावर दाखवावं लागलं: कलेतून मिळालेलं उत्पन्न, मान्य संस्थेचं सदस्यत्व, प्रदर्शनं आणि कामाची नोंद, यांपैकी किमान दोन पुरावे. आता जिला बिल देण्याचीच मनाई, ती उत्पन्नाचा कागद कुठून आणणार? पुढे शिक्का बदलतो, पण मधल्या वर्षांची फाइल कोरीच राहते. या धंद्यात चार-पाच वर्षांची कोरी फाइल म्हणजे पुन्हा पहिल्या इयत्तेत बसणं.

घरातल्या शिकवणीचा तिथला इतिहासही पाहा. आयरिश चित्रकर्ती मेनी जेलेट पॅरिसहून अमूर्त चित्रकला घेऊन आली आणि १९२३ मध्ये डब्लिनने तिची यथेच्छ टिंगल केली. ती फिट्झविल्यम स्क्वेअरच्या राहत्या घरात शिकवण्या घेत राहिली, शिष्य घडवत राहिली. १९४३ साली 'आयरिश एक्झिबिशन ऑफ लिव्हिंग आर्ट' उभं राहिलं, ते तिच्या पुढाकाराने. तिचं 'डेकोरेशन' आज राष्ट्रीय कलादालनात आहे. आयरिश आधुनिक चित्रकलेचा पाया घरातल्या शिकवणीत पडला, याचा ज्या देशाला अभिमान आहे, त्याने तशीच शिकवणी परक्या चित्रकर्तीला मना करावी, याचं समर्थन आम्हाला तरी सापडत नाही.

दुसरी अडचण पोलिस पडताळणीची, आणि ती शिक्का कोणताही असला तरी सुटत नाही. मुलांबरोबर काम करायचं तर गार्डा व्हेटिंग हवं. एप्रिल २०१६ पासून तो कायदा लागू आहे आणि योग्यच आहे. पण ते एकट्या माणसाला मागता येत नाही. संस्थेमार्फतच अर्ज जातो, आणि संस्था बदलली की सहसा पुन्हा पहिल्यापासून. वाचनालयासाठी झालेली पडताळणी शेजारच्या शाळेला चालेलच असं नाही. आपल्याकडे चारित्र्य प्रमाणपत्राला माणूस स्वतः अर्ज करतो. तिथे आधी संस्था गाठा, मग माणूस भला की बुरा ते ठरेल.

इथवर सरकारची झाडाझडती झाली. आता आपल्या लोकांची.

आयर्लंड असो की आणखी कुठला देश, मराठी मंडळांचं वागणं एकसारखंच दिसतं. गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा, दिवाळीला आकाशकंदील, मध्येच कधी वारली. "तुला तर येतंच, मुलांना तासभर गुंतवून ठेव." केटररला पैसे, ढोलताशाला पैसे, हॉलला भाडं. चित्रकर्तीला शाल आणि श्रीफळ. पडताळणी नाही, विमा नाही, मानधनाची चिठ्ठी नाही. एखाद्या पोराच्या हाताला कटर लागला तर जबाबदार कोण, हे समितीतल्या कुणीही सांगू शकणार नाही. आणि चित्रकर्तीही 'ओळख वाढते' म्हणून वर्षानुवर्षं हे करत राहते. ओळख वाढते खरी, फुकट काम करणारी म्हणून.

महाराष्ट्रातल्या वाचकांनीही हुरळून जाऊ नये. आपल्या ज्येष्ठ कलावंत मानधनाला पन्नाशी उलटलेली लागते आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. महिना ५,००० रुपये मिळवायचे तर आयुष्य कमाईविना गेलं हे सिद्ध करा. आयर्लंडच्या योजनेला उत्पन्नाची अशी मर्यादा नव्हती. उलट एक युरो घातला तर समाजाला १.३९ युरो परत मिळतात, असा हिशेब तिथल्या सरकारी अभ्यासाने मांडला. तो मांडता आला, कारण लाभार्थी ठरावीक काळाने तास, खर्च, कमाई लिहून देत होते. आपल्यातल्या किती जणांना गेल्या वर्षीच्या कार्यशाळांची एकूण फी सांगता येईल?

तेव्हा कामाला लागा. १ जी वर असाल तर नोकरीच्या वाटेने आत शिरा. तिथल्या सोळा शिक्षण व प्रशिक्षण मंडळांचे प्रौढ वर्ग चालतात, तासिकेवर शिक्षक घेतात. सप्टेंबरच्या वर्गांसाठी उन्हाळा संपायच्या आत पोर्टफोलिओ आणि तीन सत्रांचा लेखी आराखडा घेऊन जा. पडताळणी ते करतात, पगाराची पावती देतात. ती पावती जपा, पुढच्या प्रत्येक अर्जात तीच बोलेल.

मराठी मंडळांनी जवळच्या स्वयंसेवा केंद्राशी संलग्न होऊन पडताळणीची सोय करावी, आणि कार्यशाळेचा खर्च अंदाजपत्रकात केटररच्या ओळीच्या वर लिहावा. शिकवणाऱ्याला पैसे कोणत्या कायदेशीर मार्गाने देता येतील हे विचारणं समितीचं काम आहे, शिकवणाऱ्याचं नव्हे.

आणि गप्प बसू नका. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहत असलात आणि यादीत नाव असलं की पुरे. याचा उपयोग करा. तुमच्या नगरसेवकाला भेटा, कौन्सिलच्या कला अधिकाऱ्याला भेटा, टीडीला (तिथल्या खासदाराला) लिहा. मागणी एकाच वाक्याची ठेवा: १ जी धारकाला स्वतःची कला विकण्यापुरता आणि शिकवण्यापुरता स्वयंरोजगार करू द्या. पत्राची प्रत आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. योजनेच्या बातम्या पाठवणाऱ्यांनीही यापुढे बातमीसोबत आपलं एक बिल जोडावं.